अ‍ॅव्हिसच्या गॅलरीतली दुसरी खुर्ची

अ‍ॅव्हिस पॉटिंजर वारल्याची बातमी साउदॅम्प्टनमधल्या आमच्या वूलस्टनमध्ये पोचली, तेव्हा ती स्वतः मदेरा बेटाच्या अलीकडे कुठंतरी, बोटीवरच्या आपल्या केबिनच्या गॅलरीत, कठड्याला तळपाय टेकवून आल्याची बिस्किटं खात बसली होती. अंगात पेटीकोट आणि वरून बोटीनं दिलेला पांढरा झगा. हे मला नंतर तिनंच सांगितलं, आणि पेटीकोट म्हणताना माझ्याकडे असं पाहिलं की मी लाजलोच. ऐंशीच्या पुढच्या माणसाला लाजवायला काही अंगात असावं लागतं. तिच्यात ते होतं. फक्त सत्तरी येईपर्यंत तिनं ते कुणाला कळू दिलं नाही.

मी समोरच्याच घरात राहतो. पॉटिंजरांच्या दारात कोण येतं, किती वेळ थांबतं, जाताना तोंड कसं असतं, हे मला बसल्या जागेवरून दिसतं. माझी बायको होती तेव्हा म्हणायची, "पडदा तरी लाव रे." पण पडदा लावला तर बघायचं कसं?

अ‍ॅव्हिस बोटींच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत कामाला होती. शाळा सोडली ती तिथं शिरली आणि निवृत्त होऊन बाहेर पडली. साउदॅम्प्टनच्या गोदीतून सुटणाऱ्या बोटींवर कोण कसं झोपतं, हे तिला चादरींवरून कळायचं. नवं लग्न झालेलं जोडपं कुठलं, आजारी म्हातारा कुठला, पलंगावर बसून लाल दारू कोण पितं, सगळं. "आणि एकटा माणूस कसा ओळखायचा?" मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "चादरीची एकच बाजू चुरगळते. दुसरी बाजू घडी मोडल्याशिवाय परत येते. वाया गेलेली जागा." त्या वाया गेलेल्या जागेवर तिचं मन बसलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

कारण अ‍ॅव्हिसला उभ्या जन्मात स्वतःची खोली मिळाली नव्हती. लहानपणी मोठी बहीण विनिफ्रेड आणि ती एका पलंगावर. मोठ्या झाल्यावर एका खोलीत दोन पलंग. आईबाप गेले, तरी त्यांची खोली तशीच बंद, विनिफ्रेड म्हणायची, "मेलेल्यांच्या पलंगावर झोपायला तुला लाज नाही वाटणार?" मध्ये लाँड्रीच्या व्हॅनचा एक ड्रायव्हर अ‍ॅव्हिसकडे येऊ लागला होता. बरा होता, फक्त हसताना शिंकल्यासारखा आवाज करायचा. तो रविवारी आला की विनिफ्रेडचं डोकं दुखायचं. दीड वर्षं दर रविवारी डोकं दुखलं, मग त्यानं दुसरीकडे लग्न केलं, आणि डोकं दुखायचं राहिलं.

विनिफ्रेड टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. आवाज असा, की "थांबा" म्हटलं की शहराचा मेयरसुद्धा थांबायचा. अ‍ॅव्हिस निवृत्त झाली, आणि नेमकी त्याच आठवड्यात विनिफ्रेडच्या पायांतली ताकद गेली. डॉक्टरांनी फोटो काढले, सुया टोचल्या, माना हलवल्या, आणि "वय झालं" असं म्हणून चाकाची खुर्ची लिहून दिली. मी काही म्हणत नाही. मी फक्त त्याच आठवड्यात असं म्हणतोय.

तेव्हापासून रस्त्याकडची पुढची खोली दोघींची झाली. हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर दोन पलंग. विनिफ्रेडच्या उशाशी बापाच्या टगबोटीवरची, म्हणजे मोठ्या बोटींना ओढणाऱ्या छोट्या बोटीवरची, पितळी घंटा. पाणी हवं, घंटा. कूस बदलायची, घंटा. खिडकी बंद कर, वारा येतोय, घंटा. रस्त्यावरची कुत्री त्या घंटेला ओळखायची. अकरा वर्षं अ‍ॅव्हिसनं तिला उचललं, बसवलं, झोपवलं, आणि त्यात तिचा उजवा खांदा कायमचा खाली गेला. रस्त्यानं चालताना वाटायचं, एका हातात अदृश्य बादली आहे.

एका उन्हाळ्यात तिनं मला कुंपणापलीकडून सांगितलं, "मी केबिन घेतलीय. एकटीची. गॅलरीवाली."

बोटीवर सगळं जोडप्यांसाठी बांधलेलं असतं. एकट्यानं जायचं तर दोघांचं भाडं भरायचं आणि रिकाम्या उशीशेजारी झोपायचं. खास एकट्यासाठी बांधलेल्या केबिनी थोड्या, त्यातल्या गॅलरीवाल्या त्याहून थोड्या, आणि त्या आमच्या गावच्या विधवा वर्ष-दीड वर्ष आधी पकडून ठेवतात. अ‍ॅव्हिसचा नंबर पुढच्या नोव्हेंबरात लागला होता. कॅनरी बेटं, दोन आठवडे.

"विनिफ्रेडला सांगितलंस?"

"आज सांगते. तुझी खिडकी उघडी ठेव," ती म्हणाली. मला ओळखून होती.

खिडकी उघडी ठेवायची गरजच पडली नाही.

"कुठं म्हणालीस?" विनिफ्रेडचा आवाज.

"कॅनरी बेटं. बोटीनं."

"कोणाबरोबर?"

"कोणाबरोबर नाही, विनी."

"म्हणजे माझ्याबरोबर."

"म्हणजे कोणाबरोबर नाही. केबिन एकटीची आहे. पलंग एकच आहे."

"आणि गॅलरी कशाला?"

"बसायला."

"पडशील."

"बसलेलं माणूस पडत नाही."

"जा, जा तू. परत येशील तेव्हा मी नसेन."

"दर बुधवारी तू नसतेस, विनी. तरी गुरुवारी सकाळी अंडं लागतंच तुला."

मग घंटा वाजली. बराच वेळ वाजत राहिली.

दोन आठवड्यांसाठी विनिफ्रेडला टेकडीवरच्या एका वृद्धाश्रमात ठेवायचं ठरलं. रोज संध्याकाळी फोन करायचं वचन अ‍ॅव्हिसकडून घेतलं गेलं. आणखी एक वचन होतं. आमच्याकडे बोट सुटताना गोदीत गर्दी करत नाहीत; वेस्टनच्या किनाऱ्यावर उभं राहतात. बोट खाडीतून समोरून जाते, किनाऱ्यावरचे लोक मोटारींचे दिवे उघडझाप करतात, आणि बोटीवरच्या माणसानं काहीतरी रंगीत हलवायचं. अ‍ॅव्हिस पिवळी उशीची खोळ हलवणार होती.

विनिफ्रेडची खुर्ची ढकलत मी तिला वेस्टनला घेऊन गेलो. गुडघ्यावर ब्लँकेट, डोळ्यांना बापाची दुर्बीण. बोट आली, उंच, पांढरी, शेकडो गॅलऱ्यांची. टॉवेल हलत होते, टोप्या हलत होत्या, एकानं तर लहान पोराला हलवलं. पिवळं काही दिसेना. विनिफ्रेडनं एकेक गॅलरी दुर्बिणीनं मोजल्यासारखी बघितली. बोट गेली, लाटा किनाऱ्याला लागल्या, लोक चिप्स खात गाड्यांत बसले.

"वाऱ्यानं उडाली असेल खोळ," मी म्हणालो.

"तिच्या हातून आजवर काही उडालेलं नाही," विनिफ्रेड म्हणाली. "मला परत न्या."

खरं असं, की आम्ही ज्या बाजूला उभे होतो त्या बाजूला अ‍ॅव्हिसची गॅलरीच नव्हती. ती बोटीच्या उजव्या अंगाला होती, आमच्याकडे पाठ करून. केबिन घेताना बाजू निवडता येते, हे बोटीनं जाणाऱ्या कुणालाही विचारा. मी अ‍ॅव्हिसला पुढं एकदा विचारलं. ती म्हणाली, "चहा घेणार का?"

आता बोटीवरचं. मी तिथं नव्हतो, पण अ‍ॅव्हिसनं थोडं सांगितलं आणि त्याच बोटीवर गेलेल्या आमच्या मर्टलबाईंनी फार सांगितलं, त्यामुळं मी होतो असंच समजा.

पहिल्या संध्याकाळी अ‍ॅव्हिसनं दार आतून लावलं, फोन बंद करून कपाटातल्या तिजोरीत ठेवला आणि वचनासकट कुलूप घातलं. मग पलंगावर आडवी झाली. आडवी म्हणजे खरोखर आडवी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी, हातपाय पसरून, चादरीची एकही जागा वाया जाऊ न देता. चादर कुठल्या लाँड्रीत धुतलीय हे तिला वासावरून कळलं. गॅलरीचं दार उघडं टाकलं. नोव्हेंबरचा वारा आत येऊन पडदे छताला लावत होता आणि घंटा वाजत नव्हती.

बिस्केच्या उपसागरात बोट अशी हलली की अर्ध्या लोकांनी जेवण सोडलं. अ‍ॅव्हिसला टगवाल्या बापाचं पोट मिळालं होतं. ती गॅलरीत भिजत उभी राहून लाटांना शिव्या देत होती. मोठ्यानं. तिला इतक्या शिव्या येतात हे तिलाच ठाऊक नव्हतं. न्याहारी केबिनमध्ये, दुपारचं केबिनमध्ये, संध्याकाळी सूप केबिनमध्ये. पलंगावर बिस्किटांचा चुरा. दिवा हवा तेव्हा लावायचा, नको तेव्हाही लावायचा. तिला एकच गोष्ट खुपत होती. एकटीची केबिन खरी, पण बोटीला सवय दोघांची. गॅलरीत खुर्च्या दोन ठेवलेल्या. ती एकीवर बसली की दुसरी तिच्याकडे बघायची.

खोली साफ करणारा गोव्याचा आग्नेल होता. त्याला ती म्हणाली, "बाळा, ही दुसरी खुर्ची घेऊन जा. ही दुसरी उशी पण."

"पाहुणे आले तर, मॅडम?"

"पाहुणे आले तर मी मेले म्हणून सांग."

हे ती गमतीत म्हणाली. आग्नेल हसला आणि खुर्ची, उशी, वर एक ब्लँकेट घेऊन बाहेर पडला. आणि त्या लांबलचक बोळात समोरून मर्टल ब्लाय येत होती.

मर्टलबाई म्हणजे आमच्या पोस्टातल्या जुन्या बाई. पाकीट न उघडता आतलं पत्र वाचायच्या, असा त्यांचा लौकिक. त्याच बोटीवर, अ‍ॅव्हिसच्याच जेवणाच्या टेबलावर, नवऱ्याबरोबर म्हणजे क्लिफर्डबरोबर होत्या. टेबल आठ जणांचं, रोज तेच आठ. रिकामी खुर्ची म्हणजे आमच्या लोकांत सूप येईपर्यंतचा विषय. पहिल्या दिवशी "बोट लागली असेल बिचारीला." दुसऱ्या दिवशी "अजून?" तिसऱ्या दिवशी क्लिफर्ड म्हणाला, "जाऊन दार वाजवावं का?" आणि सगळ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू तो कपडे काढायला निघालाय. दारावर 'त्रास देऊ नका' अशी पाटी होती ना! पाटी असताना दार वाजवायचं म्हणजे काय? आमच्याकडे घराला आग लागली तरी पाटी वाचून शेजारी परत जातील.

तर मर्टलबाईंनी खुर्ची, उशी, ब्लँकेट बाहेर जाताना बघितलं. आग्नेलला अडवलं.

"त्या केबिनमधल्या बाई... बऱ्या आहेत ना?"

"माफ करा मॅडम, आम्हाला दुसऱ्या पाहुण्यांबद्दल बोलायला परवानगी नाही."

हा बोटीचा नियम आहे, साधा. मर्टलबाईंनी छातीवर हात ठेवला. "समजलं," त्या म्हणाल्या. "समजलं, पोरा. तुझ्यावरही किती ताण आलाय." आग्नेलला सर्दी झाली होती. त्यानं नाक पुसलं. झालं.

त्यातून त्याच दुपारी पहिल्यांदा ऊन पडलं, आणि डेकवर सगळ्यांना फुकट आइस्क्रीम वाटलं.

आमच्या बोटवाल्या लोकांत एक पक्की समजूत आहे. बोटीवर म्हातारे फार, त्यामुळं वाटेत कुणी ना कुणी जातंच. त्यांना ठेवायला बोटीवर थंड जागा असते, ती भरली की स्वयंपाकघरातला फ्रीझर रिकामा करतात, आणि म्हणूनच अचानक फुकट आइस्क्रीम मिळतं. निव्वळ थाप आहे. फ्रीझरचा आणि मेलेल्यांचा काही संबंध नसतो. बोटीवरच्या माणसांनी हे हजारदा सांगितलंय. पण आमच्याकडे आजही फुकटचा कप हातात आला की लोक आधी आजूबाजूला मोजतात, कोण दिसत नाही.

मर्टलबाईंनी मोजलं. कपातलं संपवलं, व्हॅनिला, आणि घरी आपल्या वहिनीला निरोप धाडला: अ‍ॅव्हिस गेली. झोपेतच. कुणाला बोलू नकोस.

मला ती बातमी चिप्सच्या दुकानात लागली. माझ्या पुढच्या बाईनं मासा उलटताना बघत सांगितलं, "अ‍ॅव्हिस पॉटिंजर गेली म्हणे. बोटीवर." माझ्या मागच्यानं टोपी काढली. मीही काढली. चिप्स तशाच गार झाल्या. इतकी वर्षं सगळ्यांच्या बातम्या मी चघळत आलो, ही घशाखाली उतरेना. विनिफ्रेडला कोण सांगणार यावर दुकानात चर्चा झाली आणि ठरलं, की बोटीच्या कंपनीकडून रीतसर कळेपर्यंत कुणीच सांगायचं नाही.

पण वृद्धाश्रमात दर आठवड्याला केस करायला शेरिल जाते. भली बाई. विनिफ्रेडचं डोकं मागं टेकवून ती साबण लावत होती, तेव्हा तिचेच डोळे भरून आले. "फार वाईट झालं हो तुमच्या बहिणीचं," ती म्हणाली. "झोपेत गेल्या, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल."

 केस धुवून झाले, वाळवून झाले. शेरिल पुढच्या बाईकडे वळली. थोड्या वेळानं बघते, तर चाकाची खुर्ची रिकामी.

दुपारचे अडीच-तीन वाजले असतील. मी खिडकीत होतो, दुसरं कुठं असणार? आमच्या रस्त्यानं एक बाई चालत येत होती. नुकते सेट केलेले केस, पायात घरातल्या सपाता, अंगावर कोट नाही. पाऊस भुरभुरत होता. मी म्हटलं, कोण ही, पॉटिंजरांच्या चालीची? मग ती त्यांच्या फाटकाशी वळली, वाकली, कुंडीखालची किल्ली काढली. वाकली! माझ्या हातातली बशी खाली आली.

मी धावत गेलो, म्हणजे माझ्या वयात जेवढं धावता येतं तेवढं. विनिफ्रेड पुढच्या खोलीत कपाटासमोर ताठ उभी होती आणि हँगर एकेक करून सरकवत होती.

"विनिफ्रेड! तुमचे पाय!"

"पायांना काय झालंय?" ती वैतागून म्हणाली. "तिचा निळा ड्रेस कुठं ठेवलाय तिनं? बोटवाल्यांनी तिला काय घातलं असेल कुणास ठाऊक. आपल्या आतल्या कपड्यांचं तिला भान नसतं."

"बसा आधी. तुम्ही टेकडीवरून चालत आलात?"

"मग काय उडत येणार? बस नव्हती." निळा ड्रेस सापडला. तो तिनं पलंगावर पसरला, अ‍ॅव्हिसच्या पलंगावर, आणि त्याची घडी घालू लागली. "मी सांगितलं होतं तिला. पडशील म्हणाले. ऐकते कुठं. आता तिला आणायला कोण जाणार? बोटीवरून उतरताना तिला कुणीतरी दिसायला हवं ना. ती मला शोधत बसेल."

"बोट यायला अजून आठवडा आहे, विनिफ्रेड."

"आठवडा," ती म्हणाली. जसं मी दहा मिनिटं म्हणालो.

वृद्धाश्रमाला कळवायला मी माझ्या घरी आलो, फोन केला. त्यांचे लोक गाडी घेऊन निघाले. मी परत गेलो तर मागचं दार उघडं. ड्रेस नाही, ती नाही. आम्ही तिला गोदीच्या रस्त्याला शोधलं, पुलावर शोधलं, चर्चमध्ये शोधलं. अंधार पडता पडता कुत्रं फिरवणाऱ्या एका माणसाला ती वेस्टनच्या किनाऱ्यावर बाकावर सापडली. जिथं मी तिची खुर्ची उभी केली होती, बरोबर तिथं. भिजून चिंब. मांडीवर पिशवीत ड्रेस, कोरडा ठेवलेला. खाडीकडे तोंड.

छातीत गारठा भरला होता. दवाखान्यात ती दोन रात्री राहिली. नातलग म्हणून अ‍ॅव्हिसच्या नंबरवर फोन केला, तर तो बंद. नर्सनं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. मेलेल्या माणसाचा फोन बंदच असणार. पुढं कुणी काही विचारलं नाही, आणि बोटीच्या कंपनीला कुणी कळवलं नाही. कोणाला निरोप द्यायचा? तिसऱ्या दिवशी दुपारी विनिफ्रेड गेली. शुद्धीत होती तोवर एकच विचारत होती, "बोट दिसली का?"

तिकडे बोटीवर शेवटच्या संध्याकाळी सगळ्यांनी आपापल्या बॅगा बोळात काढून ठेवायच्या असतात. मर्टलबाई जेवायला निघाल्या, तर 'पॉटिंजर' अशी चिठ्ठी लावलेली बॅग दारात. त्यांनी हळहळून बॅगेवर हात ठेवला. आणि दार आतून उघडलं. समोर अ‍ॅव्हिस, उन्हानं तांबूस झालेली, ओठांना लिपस्टिक. "अगं मर्टल, तू पण याच बोटीवर?" ती म्हणाली. कारण तिनं टेबलावरचं कुणीच बघितलं नव्हतं.

मर्टलबाईंच्या तोंडून काय निघालं असेल? "किती छान रंग आलाय तुला."

जेवताना क्लिफर्ड घास गिळेना. मर्टलबाईंनी टेबलाखालून त्याचा पाय दाबून धरला. आता काय सांगायचं, आणि कसं? मी तुला मारलं होतं, असं सूप पिता पिता सांगता येतं का? घरी पोचल्यावर हळूच बघू, असं त्यांनी ठरवलं. अ‍ॅव्हिसनं त्या रात्री दोनदा पुडिंग घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकाशी पानं गोळा करत होतो. टॅक्सी थांबली. आतून अ‍ॅव्हिस उतरली. खराटा हातात तसाच धरून मी तिच्याकडे बघत होतो.

"असं काय बघतोयस, भूत दिसल्यासारखा?" ती म्हणाली. खांदासुद्धा थोडा वर आला होता तिचा. "विनीसाठी मदेराचा केक आणलाय. आधी अंघोळ करते, मग तिला आणायला जाते. फार चिडलीय का?"

मी सांगितलं. बातमी पसरवायला मला कधी कष्ट पडले नाहीत; ही सांगायला मला तिला फाटकातच उभं ठेवावं लागलं, कारण आत जाऊन सांगितलं असतं तर पलंग दिसले असते. तिनं सगळं ऐकून घेतलं. चिप्सचं दुकान, शेरिल, किनारा, दवाखाना. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग म्हणाली, "पण किनाऱ्यापर्यंत तिची खुर्ची ढकलली कोणी?"

मी खराटा फाटकाला टेकवला.

"मी विचारतेय, कोणी नेलं तिला?"

"चालत गेली, अ‍ॅव्हिस. टेकडीवरून घरी, घरून किनाऱ्यावर."

"चालत."

"हो."

ती बॅगेवर बसली. रस्त्यातच. डावा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला आणि चोळू लागला. "चालत," ती पुन्हा म्हणाली. मग हसायला लागली, मग ते हसणं नव्हतं. मी तिच्या शेजारी उभा होतो, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, समोरच्या घरांचे पडदे लागलेले असते तर बरं झालं असतं.

आमच्याकडे माणूस पुरायला पंधरा-वीस दिवस लागतात. दरम्यान क्लिफर्डनं अ‍ॅव्हिसच्या दारात रडून सगळं सांगून टाकलं, खुर्ची, उशी, आग्नेल, आइस्क्रीम. अ‍ॅव्हिसनं त्याला चहा दिला आणि पाठवलं.

दफनानंतर सगळे तिच्या घरी आले. डिसेंबर, बाहेर दहिवर. हॅमची सँडविचं, सॉसेज रोल, शेरी. मर्टलबाई काळी टोपी घालून खिडकीपाशी. शेरिल रुमालात तोंड घालून. मागचं अंगण, नळ, हवापाणी अशा गप्पा चालल्या होत्या. मग अ‍ॅव्हिस स्वयंपाकघरातून ट्रे घेऊन आली. ट्रेवर काचेचे वाडगे, प्रत्येकात व्हॅनिला आइस्क्रीमचे दोन गोळे. तिनं एकेकाच्या हातात दिले. शेवटी मर्टलबाईंच्या.

"घ्या," ती म्हणाली. "फ्रीझर रिकामा करावा लागला."

 आणि मग, काय सांगू तुम्हाला, आम्ही खाल्लं. सगळ्यांनी. हातात दिलेलं टाकून जायचं आम्हाला कुणी शिकवलंच नाही. गोठलेल्या त्या खोलीत, दोन पलंग भिंतीला सरकवलेल्या जागेत, चमचे वाडग्यांना लागत होते आणि मर्टलबाईंच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. अ‍ॅव्हिस मध्ये उभी राहून बघत होती, शेवटचा वाडगा रिकामा होईपर्यंत. मग तिनं वाडगे गोळा केले आणि दार उघडून धरलं.

मला वाटलं, आता घर तिचं. आईबापांची वरची खोली उघडेल, पुढची खोली मोकळी करेल. विनिफ्रेडचा पलंग न्यायला एक दिवस धर्मादाय दुकानाची गाडी आली. दोन माणसं आत गेली. पाच मिनिटांत रिकाम्या हातांनी बाहेर आली, एकानं मान उडवली. गाडी गेली. दिवा त्याच खोलीत लागतो, पुढच्या. घंटा उशाशी आहे; काचेतून चमकताना दिसते.

परवा कुंपणापलीकडून तिनं सांगितलं, पुन्हा बोट घेतलीय. येत्या नोव्हेंबरात.

"तीच केबिन?" मी विचारलं. "एकटीची?"

"नाही. दोन पलंगांची."

"कोण येतंय बरोबर?"

"कोण येणार?"

"मग दोघांचं भाडं भरलंस?"

"भरलं." ती वेलीचं वाळकं पान तोडत होती. "गॅलरीतल्या खुर्च्या दोन्ही राहू द्या, म्हणून आधीच कळवलंय."

मला गप्प बसवत नाही, हा माझा स्वभाव. "गॅलरी कुठल्या बाजूला?"

"डाव्या. वेस्टनच्या."

"म्हणजे या वेळी खोळ हलवणार!"

"कुणाला?" अ‍ॅव्हिस म्हणाली.

पान तिनं बादलीत टाकलं, हात झटकले, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "चहा घेणार का?"